सात-सात-सातची सवय

जून-जुलैत लातूरच्या कोणत्याही नेट कॅफेत डोकावले तर एकच दृश्य दिसते. खुर्चीवर मुलगा किंवा मुलगी, पाठीमागे उभे आई-वडील, आणि वडिलांच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधार, बँकेचे पासबुक. एकेक कागद स्कॅनरखाली जातो, फाइल सांगितलेल्या केबीत बसवली जाते, ‘अपलोड’चे बटण दाबले जाते. गोल चक्र फिरत राहते आणि शेवटी लाल अक्षरे उमटतात : अपलोड अयशस्वी. कारण दिलेले नसते. कॅफेवाला सवयीने सांगतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, रात्री बारानंतर बघू.’ निलंगा, उदगीर, अहमदपूरहून आलेल्या बापाला रात्री बारापर्यंत थांबायचे म्हणजे शेवटची एसटी सोडून द्यावी लागते.

त्या लाल अक्षरांच्या पलीकडे काय घडते, हे सहसा कुणी विचारत नाही. तक्रारी वाढल्या की कॉलेजच्या किंवा संस्थेच्या कार्यालयातून संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला फोन जातो. मुदत उद्या संपणार असते, साहेब चिडलेले असतात, पालक काउंटरवर उभे असतात. तो सर्व्हर उघडतो. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ‘परमिशन डिनाइड’ हे दोन शब्द दिसतात. तो एक ओळ टाइप करतो : ‘सीएचमॉड ७७७’, पुढे फोल्डरचे नाव. दुसऱ्या क्षणी अपलोड सुरू. कार्यालयातून ‘झालं, झालं’ असा निरोप येतो आणि विषय मिटतो. ती ओळ मात्र मागे तशीच राहते. पुढच्या जूनपर्यंत, त्याच्याही पुढच्या जूनपर्यंत, कधी कधी ते संकेतस्थळ बंद होईपर्यंत.

या तीन सातांचा अर्थ संगणकाशी संबंध नसलेल्यालाही दोन मिनिटांत कळेल इतका सोपा आहे. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही प्रणाली आकाराला आली. आजचे बहुसंख्य वेब सर्व्हर तिच्याच धाटणीच्या लिनक्सवर चालतात आणि परवानगीची तिची पद्धत अजून टिकून आहे. प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला तीन अंक जोडलेले असतात. पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा त्या यंत्रावरच्या बाकी सगळ्यांचा. वाचायची परवानगी म्हणजे ४, लिहायची २, चालवायची १. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ म्हणजे आत शिरणे. तिन्हींची बेरीज सात. म्हणजे ७७७ असे लिहिले की मालकाने, गटाने आणि त्या यंत्रावरच्या कुणीही वाचावे, लिहावे, आत शिरावे. तेच ७५० लिहिले तर मालकाला सारे काही, गटाला आत शिरून पाहण्यापुरते, आणि बाकीच्यांना काहीही नाही. ‘बाकी सगळे’ म्हणजे इंटरनेटवरचे सारे जग, असा एक गैरसमज आहे. खरे तर ती त्याच यंत्रावरची इतर खाती. पण स्वस्तातल्या होस्टिंगवर एकाच यंत्रावर शेकडो अनोळखी ग्राहकांची संकेतस्थळे नांदत असतात, आणि यंत्र नीट आखलेले नसेल तर तिथे हा तिसरा सात शेजाऱ्याच्या हातात आपली किल्ली देतो.

माझे म्हणणे असे आहे की ७७७ मध्ये तंत्रज्ञाचा दोष थोडा आहे, त्याला कामाला लावणाऱ्या संस्थांचा मोठा आहे. आपण त्याला ‘अपलोड कधी सुरू होईल?’ एवढेच विचारतो. ‘या फोल्डरमध्ये कुणाला काय करता येते?’ हे कधीच विचारत नाही. पहिल्याच प्रश्नावर बिल निघत असेल तर दुसऱ्याचे उत्तर शोधत बसायला कुणाला वेळ असणार?

मराठवाड्यात कागदाची किंमत कुणाला समजावून सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि निजामकाळातले मोडीतले, उर्दूतले दप्तर तालुक्या-तालुक्यांत उघडले गेले. सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्हा प्रशासनांनी संकेतस्थळांवर ठेवल्या. त्यावरून जी काही मतमतांतरे आहेत ती बाजूला ठेवू आणि त्या फाइलचा स्वभाव पाहू. ती नोंद कुणालाही वाचता आली पाहिजे, आणि कुणालाही बदलता येता कामा नये. आता पिशवीतला उत्पन्नाचा दाखला घ्या. त्याचा स्वभाव नेमका उलटा. तो कोणत्याही अर्जदाराला आत टाकता आला पाहिजे, आणि छाननी करणारा सोडून कुणालाही वाचता येता कामा नये. टपालपेटीसारखे : पत्र कुणीही टाकावे, काढायचे ते पोस्टमननेच. एक कागद वाचायला खुला आणि लिहायला बंद, दुसरा टाकायला खुला आणि वाचायला बंद. ७७७ या दोन्ही कागदांना एकाच मापाने मोजते, आणि दोन्हींचा घात करते. सार्वजनिक नोंद बदलता येऊ लागते आणि खासगी दाखला वाचता येऊ लागतो.

ज्यांना हे अंक कोरडे वाटतात त्यांनी लातूरच्या आडत बाजारात जाऊन उभे राहावे. सोयाबीनचे पोते हमाल उतरवतो. मापाडी तोलतो. सौदा आडत्या लावतो, पैसे खरेदीदार देतो, आणि बाजार समिती प्रत्येकाला वेगळा परवाना देते. हमालाने वजन लिहायचे नसते, मापाड्याने भाव ठरवायचा नसतो. यात हमालाच्या प्रामाणिकपणावर कुणी शंका घेतलेली नसते. वजन आणि भाव एकाच हातात गेले तर कुठे चुकले हे शेतकऱ्याला कधी कळणारच नाही, म्हणून कामे वाटलेली असतात. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७५ मध्ये संगणकांसाठी हेच तत्त्व मांडले : प्रत्येक प्रोग्रामला आणि वापरणाऱ्याला कामापुरते, कमीत कमी अधिकार द्यावेत. वेब सर्व्हरवर बाहेरून आलेली फाइल उचलून आत ठेवणारा हमाल असतो. उबुंटूवर त्या खात्याचे नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’, रेड हॅटच्या घराण्यात ‘अपाची’. त्याला एका ठरावीक वखारीत पोते ठेवता आले की पुरे. पेढीच्या वह्या त्याच्या हाती का द्याव्यात?

मग अपलोड होत नसेल तर करायचे काय? ‘परमिशन डिनाइड’ हे ताप आल्यासारखे लक्षण आहे. ताप कशाचा हे अजून शोधायचे असते. आणि पुष्कळदा तर लॉग न उघडताच परवानगीवर खापर फोडले जाते. लातूरच्या कॅफेत दिसणारे अपलोडचे कितीतरी अपयश परवानगीचे नसतेच, ते आकाराचे असते. पीएचपी ही संकेतस्थळांची सर्रास वापरली जाणारी भाषा. तिच्या मूळ मांडणीत एका फाइलची मर्यादा २ एमबी असते आणि पूर्ण अर्जाची ८ एमबी. एनजिनएक्स हा सर्व्हर तर वेगळे सांगितले नसेल तर १ एमबीच्या पुढचे काही घेत नाही. मोबाइलवर काढलेला दाखल्याचा फोटो सहज तीन-चार एमबी भरतो. इथे ७७७ चा काडीचा उपयोग नाही. पण धांदलीत माणूस दोन्ही करून बघतो, मर्यादाही वाढवतो आणि फोल्डरही उघडतो. मर्यादा वाढल्याने काम होते, आणि उघडलेले फोल्डर परत बंद करायचे राहून जाते. सर्व्हरवर राहिलेली कितीतरी ७७७ अशी फुकटची असतात. कधी डिस्क भरलेली असते. कधी फाइल आधी ज्या तात्पुरत्या जागी उतरते तीच जागा हाताशी नसते.

खरोखरच परवानगी अडवत असेल तर बहुतेक वेळा कारण मालकीचे निघते. संकेतस्थळ चढवणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यातून चढवलेले असते, म्हणून फोल्डरचा मालक तो. सर्व्हरचे खाते मग ‘बाकी सगळे’ या रांगेत जाते, आणि ७५५ या नेहमीच्या मांडणीत त्या रांगेला लिहायची मुभा नसते. उपाय एका ओळीचा : फक्त त्या एका फोल्डरचा गट सर्व्हरच्या खात्याचा करायचा, गटाला लिहायची परवानगी द्यायची, बाकीच्यांना शून्य. ७७० झाले, काम झाले. कधी अडचण वरच्या पायरीवर असते. जुन्या वाड्यात माजघराचे दार उघडे असून उपयोग नाही, आधी ढेलजेतून आत येता आले पाहिजे. तसे शेवटचे फोल्डर सताड उघडले तरी वाटेतल्या एखाद्या फोल्डरमध्ये शिरायची मुभा नसेल तर फाइल दारातच थांबते. मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दाखवणारी आज्ञा लिनक्समध्ये आहे. रेड हॅटच्या घराण्यात एसईलिनक्स नावाचा आणखी एक पहारा असतो. तो या तीन अंकांना जुमानत नाही, फोल्डरवर वेगळी चिठ्ठी लावलेली मागतो. ती चिठ्ठी लावायच्या ऐवजी हा पहाराच बंद करून टाकण्याची रीत आपल्याकडे पडली आहे, आणि ती ७७७ पेक्षाही वाईट आहे, कारण तिने एका फोल्डरचे नव्हे तर सगळ्या यंत्राचे संरक्षण जाते. हे सारे तपासायला तास लागत नाही. सर्व्हरच्याच खात्याच्या नावाने त्या फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल तयार करून बघायची. झाली तर परवानगी बरोबर आहे आणि अडचण दुसरीकडे आहे. नाही झाली तर पायऱ्या मोजत वर जायचे.

७७७ च्या पाठीशी अनेकदा आणखी एक अक्षर लागते, आणि खरा घात तिथे होतो. ते मोठ्या लिपीतले ‘आर’. त्याचा अर्थ, या फोल्डरमधल्या आणि त्याच्या पोटातल्या प्रत्येक गोष्टीला हाच नियम. अपलोडचे फोल्डर नेमके कोणते हे शोधायचा कंटाळा आला की माणूस संकेतस्थळाच्या मुळाशीच ही आज्ञा चालवतो. त्या क्षणापासून संकेतस्थळाचा स्वतःचा कोडही हमालाला लिहिता येतो. डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलमध्ये असतो ती फाइलही. मग बाहेरून कुणी ‘फोटो’ या नावाखाली पीएचपीचा छोटा प्रोग्राम अपलोड केला आणि सर्व्हरने तो चालवला, तर त्या माणसाला घरबसल्या आज्ञा देण्याची खिडकी मिळते. या खिडकीला वेब शेल म्हणतात. तिच्यातून तो काय करू शकेल हे आपण ठेवलेल्या परवानग्यांवर ठरते. कोड लिहिण्यापासून बंद असेल तर तो एका खोलीत अडकतो. सगळीकडे सात असतील तर घर त्याचे.

इथे एक बारकावा आहे, जो जाणत्या तंत्रज्ञांच्याही हातून निसटतो. फाइलवरची ‘चालवा’ ही परवानगी काढली की पीएचपीची फाइल चालणार नाही, असे अनेकांना वाटते. ती चालते. कारण सर्व्हर ती फाइल स्वतः चालवत नाही, तो ती वाचतो आणि पीएचपीकडे सोपवतो. वाचायची परवानगी त्याला पुरते. म्हणून सर्व्हरच्या मांडणीतच स्पष्ट लिहावे लागते की या फोल्डरमधले काहीही चालवायचे नाही. त्याहून चांगले म्हणजे अपलोडची वखार संकेतस्थळाच्या उघड्या अंगणाबाहेर ठेवायची, जेणेकरून पत्त्याच्या पट्टीत नाव टाइप करून तिथपर्यंत कुणी पोचूच नये. आलेल्या फाइलचे नाव आपण बदलायचे, पाठवणाऱ्याने दिलेले ठेवायचे नाही. आणि नावाच्या शेपटीवर विश्वास न ठेवता आत डोकवायचे : पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याची खूण आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरे असतात, जेपीईजीचे पहिले बाइट ठरलेले असतात. हेही फसवता येते, अस्सल चित्राच्या पोटात कोड लपवता येतो. म्हणून चित्र उघडून नव्याने जतन करणे हा त्याहून भक्कम उपाय.

‘लातूरच्या एका क्लासच्या साइटवर कोण कशाला हल्ला करील?’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो, त्यामुळे त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. हल्ला करणारा गाव बघत नाही. तो यंत्रे लावतो, आणि ती यंत्रे जगभरातल्या पत्त्यांवर रात्रंदिवस तीच दोन-चार दारे ठोठावत फिरतात. सप्टेंबर २०२० मध्ये वर्डप्रेसच्या ‘फाइल मॅनेजर’ या प्लगइनमधली त्रुटी उघड झाली तेव्हा ते सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर बसवलेले होते. कारण किती लहान होते पाहा. त्यात वापरलेल्या एका तयार संचात नमुन्याची एक फाइल होती. ती चालू नये असेच तिचे नाव ठेवलेले होते. ते नाव बदलले गेले आणि लॉगिन न करता कुणालाही त्या फाइलच्या मार्गाने सर्व्हरवर काहीही चढवता येऊ लागले. सात लाखांत शिकवणी वर्ग, दवाखाने, देवस्थाने, सगळे आले. चढवलेल्या फाइल ज्या फोल्डरमध्ये उतरतात तिथेच काही चालवायला बंदी असेल, तर अशा त्रुटीचा डंख बोथट होतो.

वाचायच्या परवानगीचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे, आणि लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्यांना ते आठवत असेल. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची अराजपत्रित गट ब आणि गट क सेवांची संयुक्त पूर्वपरीक्षा ३० एप्रिल २०२३ रोजी होती. त्याआधी ९४ हजारांहून अधिक उमेदवारांची प्रवेशपत्रे एका टेलिग्राम चॅनलवर आली. प्रवेशपत्रांसाठी दिलेल्या बाह्य लिंकमधून ती बाहेर गेल्याचे आयोगाने सांगितले. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी पुण्यातून १९ वर्षांच्या एका तरुणाला अटक केली. एका प्रवेशपत्रापर्यंत पोचायचा अधिकार एकाच उमेदवाराचा असतो. ते दार ९४ हजार जणांसाठी वेगवेगळे असायला हवे होते. सर्व्हरवरचे तीन अंक कितीही नेटके ठेवले तरी, ‘ही फाइल मागणारा तोच का?’ हे विचारणारा कोड नसेल तर ते अपुरे पडतात. हे कबूल केलेच पाहिजे, आणि म्हणूनच वर कुणी काय वाचावे याचा मुद्दा कुणी काय लिहावे याच्या बरोबरीने घेतला आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. जाणकार म्हणतील, ७७७ चा एवढा बाऊ कशाला? अपलोडचे फोल्डर नियमाने सर्व्हरच्या खात्याच्या मालकीचे केले, तरी हमालाला तिथे लिहिता येतेच; वेब शेल तिथेही चढेल. यंत्रावर आपले एकट्याचेच संकेतस्थळ असेल तर ‘बाकी सगळे’ या रांगेत उभे आहे तरी कोण? मुद्दा बरोबर आहे. एका वेगळ्या यंत्रावर, एकाच फोल्डरपुरते ७७७ असेल तर ते आभाळ कोसळण्यासारखे नाही, आणि चालवायची बंदी नसलेले ७५० हे बंदी असलेल्या ७७७ पेक्षा जास्त धोक्याचे ठरू शकते. पण हा आक्षेप माझ्याच म्हणण्याला बळ देतो. अंक म्हणजे पाप-पुण्य नव्हे. कुणाला काय करता येते याचा विचार झाला की नाही, याची ती खूण आहे. ज्याने विचार करून फोल्डर वेगळे काढले, चालवायची बंदी घातली, तो ७७७ लिहीतच नाही, कारण कोणत्या खात्याला काय हवे हे त्याला तोवर कळलेले असते. ७७७ दिसले की समजावे, इथे निदान झालेले नाही.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. उद्या शेवटची तारीख, मुलीची जागा जाईल, अशा वेळी सुरक्षेची प्रवचने कुणाला ऐकवता? आधी उघडा, मग बघू. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा. गडबड दुसऱ्या भागात आहे : मग कुणी बघत नाही. शिवाय योग्य उपायालाही एकच ओळ लागते. जास्तीचा वेळ जातो तो कोणते खाते, कोणते फोल्डर हे शोधण्यात, आणि ते मे महिन्यात शांतपणे शोधून कागदावर लिहून ठेवता येते. खरोखरच कारण सापडत नसेल तर एक दिवसाची मुदतवाढ द्यावी, काउंटरवर कागद घ्यावेत. मुदतवाढ आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही. मुलीची जागा वाचवण्यासाठी तिच्या उत्पन्नाचा, जातीचा, बँकेचा कागद चव्हाट्यावर ठेवावा लागतो, असा सौदा कुणी तिच्यासमोर मांडलेला नाही. तिने त्याला होकार दिलेला नाही. आणि सुरक्षेच्या नावाखाली मुलांना छळणारी संकेतस्थळेही मला मान्य नाहीत. ‘अपलोड अयशस्वी’ एवढेच सांगणारा संदेश सुरक्षित नसतो, तो फक्त आळशी असतो. ‘तुमची फाइल ३.८ एमबीची आहे, २ एमबीपर्यंत चालेल’ हे मराठीत सांगितल्याने कोणत्याही चोराला काही नवे कळत नाही, आणि तो बाप संध्याकाळच्या गाडीने घरी जातो. आतली बाब, म्हणजे फोल्डरचा पत्ता, खात्याचे नाव, ती मात्र लॉगमध्येच राहिली पाहिजे.

‘आता सगळे क्लाउडवर आहे, हे जुने झाले,’ असेही ऐकू येते. क्लाउडवरच्या साठवणुकीत हे अंक नसतात, पण ‘सर्वांसाठी खुले’ हे बटण असते, आणि ते दाबून लोकांचे दस्तऐवज उघडे टाकल्याची उदाहरणे जगभर इतकी झाली की अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२३ पासून आपल्या साठवणुकीच्या सेवेत नवी जागा उघडली की ती आपोआप बंदच राहील अशी व्यवस्था केली. उघडायची असेल तर मुद्दाम उघडा. दिशा बरोबर आहे.

कायदाही त्याच दिशेने चालला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले; माहिती जपण्याची वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी नियमांनी १८ महिने दिले आहेत, म्हणजे २०२७ चे प्रवेश सुरू होतील तेव्हा पळवाट उरणार नाही. अठरा वर्षांखालच्यांना हा कायदा मूल मानतो आणि त्यांच्या माहितीची अधिक जपणूक मागतो. लातूरच्या क्लासेसमध्ये नाव घालणारी बहुतेक मुले याच वयाची. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात. पण दंडाच्या भीतीने हे काम होईल यावर माझा फारसा विश्वास नाही. काम होते ते बिल कशावर निघते त्यावरून.

म्हणून संस्थाचालकांनी, नगरपालिकांनी, पतसंस्थांनी संकेतस्थळाच्या करारात एक पान वाढवावे. त्यावर तक्ता असावा : कोणत्या फोल्डरमध्ये अर्जदारांच्या फाइल येतात, त्याचा मालक कोणते खाते, कुणाला वाचता येते, कुणाला लिहिता येते, तिथे काही चालते का, आणि फाइल कधी पुसायच्या. तो भरून मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. परवानगी बदलली की तारीख आणि कारण त्यावर चढावे. रंगसंगती आणि फिरत्या फोटोंवर बैठका घेणारे पदाधिकारी या तक्त्यावर पंधरा मिनिटे देऊ शकतात. तपासायला माणसे गावातच आहेत. लातूरला पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना संस्थांनी लेखी परवानगी देऊन हे काम प्रकल्प म्हणून द्यावे. लेखी परवानगी मात्र हवीच, कारण न विचारता दुसऱ्याच्या सर्व्हरवर डोकावणे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि चांगल्या हेतूने दार तपासणाऱ्या पोरावर तो शेकू नये.

या तपासणीत पहिल्यांदा हाती लागेल ते बहुधा चालू वर्षाचे फोल्डर नसेल. ‘२०१९’, ‘२०२०’, ‘ॲडमिशन जुने’, ‘टेस्ट२’ अशा नावांची फोल्डरे असतील, आणि त्यांत पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलांचे जातीचे दाखले, पासबुकाची पाने, सह्या. त्यांचे काम केव्हाच संपले आहे. सर्वांना लिहायची मुभा असलेली सगळी फोल्डरे एका यादीत काढून दाखवणारी आज्ञा लिनक्समध्ये एका ओळीची आहे आणि ती चालायला मिनिटभर लागते. ती यादी छापून घ्यावी, आणि प्रत्येक ओळीपुढे पेनाने लिहावे : हे फोल्डर कुणाचे, आणि ते अजून इथे का आहे.